कॅलिफोर्निया: घर-जमिनीच्या दाव्यात ‘कॉम्प्लेक्स केस’ दर्जा कसा मागायचा, आणि कधी मागू नये

सातबारा

बे एरिया आणि सदर्न कॅलिफोर्नियातल्या टाउनहाउस-कॉन्डोंमध्ये मराठी कुटुंबं भरपूर आहेत. वसाहत आठ-नऊ वर्षांची झाली, खिडकीच्या कडेने पाणी झिरपायला लागलं, बाल्कनीचं लाकूड कुजलं, की असोसिएशनचा बिल्डरवर दावा उभा राहतो. मग बोर्डाच्या मीटिंगमध्ये वकील सांगतात, ‘आम्ही ही केस कॉम्प्लेक्स म्हणून टाकतोय, हजार डॉलर जादा लागतील.’ बहुतेक जण मान डोलावतात. त्या हजार डॉलरनी काय बदलतं हे मात्र कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा.

कॅलिफोर्नियाच्या कोर्ट नियमांतला ३.४०० हा नियम व्याख्या देतो. ज्या दाव्याला न्यायाधीशांच्या विशेष देखरेखीची गरज आहे, म्हणजे ती नसेल तर कोर्टावर आणि पक्षकारांवर विनाकारण भार पडेल, खर्च हाताबाहेर जाईल, निकाल रखडेल, तो कॉम्प्लेक्स. शब्द ‘देखरेख’ आहे, ‘अवघड’ नाही. कायद्याचा मुद्दा अवघड असणं वेगळं आणि खटला सांभाळायला अवघड असणं वेगळं. दोन शेजाऱ्यांमधला वहिवाटीचा वाद १८९० सालच्या दस्तापर्यंत गेला तरी पक्षकार दोनच, वकील दोनच, साक्षीदार पाच. डोकं फिरवणारा खटला असेल, पण कॉम्प्लेक्स नव्हे. उलट ८४ घरांची गळती कायद्याच्या दृष्टीने अगदी साधी असू शकते, पण त्यात बिल्डर, आर्किटेक्ट, छप्परवाला, खिडक्यावाला, स्टको (बाहेरच्या भिंतींचा गिलावा) लावणारा, प्लंबर आणि त्या प्रत्येकाचा वेगळा वकील असतो. ती कॉम्प्लेक्स.

कोर्ट जे निकष तपासतं ते असे. बरेच आणि वेळखाऊ असे अर्ज, ज्यांत कायद्याचे नवे किंवा कठीण प्रश्न येतील. साक्षीदारांची किंवा कागदपत्रांची मोठी संख्या. वेगवेगळे वकील असलेले बरेच पक्षकार. दुसऱ्या काउंटीत, राज्यात, देशात किंवा फेडरल कोर्टात चालू असलेल्या संबंधित दाव्यांशी मेळ घालण्याची गरज. आणि निकालानंतरही कोर्टाला बराच काळ लक्ष ठेवावं लागणं.

काही प्रकार सुरुवातीपासूनच तात्पुरते कॉम्प्लेक्स धरले जातात. घर-जमिनीपुरतं बोलायचं तर बरेच पक्षकार किंवा बऱ्याच इमारती असलेले बांधकामदोषाचे दावे, बरेच पक्षकार असलेले प्रदूषणाचे दावे, क्लास अ‍ॅक्शन (सारखीच तक्रार असलेल्या अनेकांच्या वतीने केलेला दावा), आणि यांतून निघालेले विम्याचे दावे. मालकी हक्काचा निर्वाळा, वाटणी, ईझमेंट (दुसऱ्याच्या जमिनीच्या वापराचा हक्क), सक्तीचं भूसंपादन हे त्या यादीत नाहीत. त्यांना दर्जा हवा असेल तर तो मागावा लागतो आणि पटवून द्यावा लागतो.

---

उंबरठा

फॉर्मबद्दल कुणी नीट सांगेल का? आमच्या बोर्डाकडे आलेल्या प्रतीत मधल्या चौकटींपैकी एकच टिक आहे.

---

सातबारा

फॉर्म सीएम-०१०, सिव्हिल केस कव्हर शीट, म्हणजे दाव्याबरोबर दाखल करायचं माहितीपत्रक. भरायची बाजू एकच आहे, पण चुका सगळ्या त्या एका पानावर होतात.

पहिला भाग दाव्याच्या प्रकाराचा. त्यात एकच चौकट टिक करायची. स्थावर मालमत्तेच्या गटात तीन आहेत: भूसंपादन (१४), बेकायदा घराबाहेर काढणं (३३) आणि इतर स्थावर मालमत्ता (२६). उजवीकडे वेगळा गट आहे तो तात्पुरत्या कॉम्प्लेक्स दाव्यांचा, आणि त्यात बांधकामदोष (१०) येतो. सामान्य प्रकार आणि नेमका प्रकार दोन्ही लागू पडत असतील तर नेमका निवडायचा, ही सूचना फॉर्मवरच छापलेली आहे. ‘घराचाच तर दावा आहे’ म्हणून २६ ला टिक केली की काउंटरवरचा क्लार्क तो दावा साध्या रांगेत घालतो.

दुसरा भाग महत्त्वाचा. ‘हा दावा नियम ३.४०० प्रमाणे कॉम्प्लेक्स आहे / नाही.’ ‘आहे’ वर टिक केली की खाली ए ते एफ अशा सहा बारीक चौकटी: वेगळे वकील असलेले बरेच पक्षकार, वेळखाऊ अर्ज, भरपूर कागदपत्रं, बरेच साक्षीदार, इतर कोर्टांतल्या दाव्यांशी मेळ, निकालानंतरची देखरेख. जे लागू आहे ते सगळं टिक करायचं. एकच टिक असेल तर न्यायाधीशांच्या हाती एकच कारण पडतं. सहाच्या सहा टिक असतील तर विश्वास कमी होतो, कारण गळतीच्या दाव्यात निकालानंतरची देखरेख कुठून येणार? पैसे मिळाले की विषय संपला.

पाचव्या ओळीत क्लास अ‍ॅक्शन आहे की नाही, सहाव्यात संबंधित दावे. संबंधित दावा माहीत असेल तर त्यासाठी वेगळा फॉर्म सीएम-०१५ दाखल करायचा. समजल्यापासून १५ दिवसांच्या आत.

आणि एक गोष्ट हमखास राहते. साध्या दाव्यात ही कव्हर शीट फक्त आकडेवारीसाठी असते, प्रतिवादीला द्यावी लागत नाही. कॉम्प्लेक्स म्हटलं की ती समन्स आणि तक्रारीबरोबर सगळ्या प्रतिवादींना बजावावी लागते. समन्स बजावणाऱ्याच्या पाकिटात ती नसेल तर पुढे हरकतीच्या मुदतीवरून उगाच वाद होतो.

---

गवंडी

फीचा हिशेब मांडतो, कारण बोर्डाच्या बजेटमध्ये तो नेहमी अर्धाच दिसतो.

गव्हर्नमेंट कोड कलम ७०६१६. नेहमीची पहिली फी (बहुतेक काउंट्यांत ४३५ डॉलर) वेगळी. तिच्यावर सगळ्या वादींची मिळून एकच १,००० डॉलर कॉम्प्लेक्स फी. वादी एक असो की शंभर, आकडा तोच.

प्रतिवादींचं तसं नाही. प्रत्येक प्रतिवादीला त्याचा पहिला कागद दाखल करताना १,००० डॉलर. दोघांनी मिळून एकच उत्तर दाखल केलं तरी दोन हजार. सगळ्या प्रतिवादींची मिळून कमाल मर्यादा १८,००० डॉलर. त्यामुळे २५ सब-कॉन्ट्रॅक्टर ओढले गेले तर पहिले अठरा भरतात आणि उरलेल्यांना ती फी लागत नाही. लहान सब-कॉन्ट्रॅक्टरचा दर्जाला विरोध बऱ्याचदा याच कारणाने असतो.

सुरुवातीला कुणीच दर्जा मागितला नव्हता आणि नंतर कोर्टाने कॉम्प्लेक्स ठरवला, तर आदेश दाखल झाल्यापासून १० दिवसांत फी भरायची. हे कॅलेंडरचे दिवस, कोर्टाचे नव्हेत. न भरल्याचा परिणाम दाखल-फी न भरल्यासारखाच.

आणि कोर्ट म्हणालं की हा दावा कॉम्प्लेक्स नाही, तर भरलेली कॉम्प्लेक्स फी परत करण्याचा आदेश कोर्टाने द्यायचा असतो. प्रस्तावित आदेशाच्या मसुद्यात ते वाक्य आपणच घालून ठेवावं. ते नसेल तर परताव्यासाठी पुन्हा कागद फिरवावे लागतात.

---

नकाशा_कारकून

प्रतिवादीच्या बाजूचं कुणी लिहिलं नाही. नियम ३.४०२ दोन्हीकडून चालतो.

वादीने कॉम्प्लेक्स म्हटलंय आणि तुम्हाला ते मान्य नाही: पहिल्यांदा हजर होताना किंवा त्याआधी, स्वतःची सीएम-०१० भरून ‘नाही’ वर टिक करून दाखल करायची आणि बजावायची. कोर्टाने आधीच दर्जा ठरवलेला नसेल तरच हा मार्ग. वादीने साधा दावा म्हटलाय आणि तुम्हाला तो कॉम्प्लेक्स वाटतो: तेच, उलट्या टिकने. दोन्ही बाबतींत उलट-कव्हर शीट दाखल झाल्यापासून ३० दिवसांत कोर्टाने ठरवायचं, सुनावणी घेऊन किंवा न घेता. वादीशी सहमत असाल तर फक्त ‘सामील’ असं कळवता येतं.

‘पहिल्यांदा हजर होताना’ यात फसतात. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत डेमरर (तक्रार कायद्याने टिकत नाही अशी हरकत) किंवा उत्तर जातं, आणि तेच पहिलं हजर होणं. त्या दिवशी उलट-कव्हर शीट जोडली नाही की तो सोपा रस्ता बंद. मग नियम ३.४०३ खाली रीतसर अर्ज करायचा: सुनावणीच्या किमान १६ कोर्ट-दिवस आधी नोटीस, ईमेलने बजावली तर आणखी दोन कोर्ट-दिवस. विरोध ९ कोर्ट-दिवस आधी, प्रत्युत्तर ५ कोर्ट-दिवस आधी. अर्जाची फी ६० डॉलर, कायद्याचं टिपण १५ पानांच्या आत. म्हणजे एका टिकऐवजी दोन महिने.

३.४०३ दोन्ही दिशांनी चालतो, हेही लक्षात असू द्या. दिलेला दर्जा कोर्ट स्वतःहून किंवा कुणाच्याही अर्जावर काढूनही घेऊ शकतं. सतरापैकी तेरा पक्षकारांशी समेट झाला की उरलेल्या चौघांसाठी न्यायाधीश दावा साध्या विभागात पाठवू शकतात.

---

उंबरठा

न्यायाधीशांना पटवायचं म्हणजे नक्की काय लिहायचं? ‘बरेच पक्षकार’ म्हणजे किती?

---

नकाशा_कारकून

नियमात आकडा नाही, आणि तो मुद्दामच नाही. म्हणून तुम्ही आकडे द्यायचे. विशेषणांचा काही उपयोग होत नाही. ‘अत्यंत गुंतागुंतीचा व अभूतपूर्व दावा’ असं लिहिलेलं टिपण आणि खालचं टिपण शेजारी ठेवून पाहा (नमुन्यासाठी):

‘इमारती ११, घरं ८४. प्रतिवादी १: बिल्डर. बिल्डरच्या क्रॉस-कम्प्लेंटमध्ये (त्याने इतरांवर केलेल्या दाव्यात) अपेक्षित सब-कॉन्ट्रॅक्टर १६, प्रत्येकाचा विमा वेगळा, त्यामुळे वकील वेगळे. दोषांचे गट ७: खिडक्या, छप्पर, स्टको, डेक, प्लंबिंग, पाया, अग्निरोधक भिंती. प्रत्येक गटासाठी दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ. भिंत उघडून करायच्या तपासण्या अंदाजे ३०, प्रत्येक तपासणीला सर्व पक्षकारांना हजर राहण्याची संधी द्यावी लागेल. कागदपत्रं: बिल्डरच्या प्रकल्प-फायली, ८४ घरांचे विक्रीचे कागद, दुरुस्तीच्या नोंदी.’

त्यातलं तपासणीचं वाक्य सर्वांत कामाचं. भिंत एकदाच उघडायची असेल तर सतरा वकिलांच्या तारखा जुळवाव्या लागतात, आणि त्या कोर्टाच्या आदेशाशिवाय जुळत नाहीत. विशेष देखरेख का हवी ते न्यायाधीशांना तिथेच दिसतं. एका पक्षकाराला तपासणीला बोलवायचं राहिलं की त्याचा तज्ज्ञ तीच भिंत पुन्हा फोडायला मागतो, आणि त्या घरात माणसं राहत असतात.

आकड्यांबरोबर उपायही सुचवा. नियम ३.७५० मध्ये पहिल्या केस मॅनेजमेंट कॉन्फरन्ससाठी (न्यायाधीशांबरोबर खटल्याचं नियोजन करण्याच्या बैठकीसाठी) विषयांची यादीच आहे: कुणाला समन्स पोचलं, नवे पक्षकार किती आणि केव्हापर्यंत, डिस्कव्हरीचं (एकमेकांकडून कागदपत्रं आणि जबान्या मिळवण्याचं) वेळापत्रक, कागदपत्रांची एकच सामाईक कोठी, वकिलांचा समन्वयक, रेफरी (कोर्टाने नेमलेला त्रयस्थ) हवा का. त्या यादीप्रमाणे दोन पानांचा आराखडा जोडला की नुसत्या मागणीपेक्षा तो जास्त वजनदार ठरतो.

---

पाणपोई

निकालानंतरची देखरेख म्हणजे काय, याचं जमिनीतलं सर्वांत चांगलं उदाहरण भूजल. पाण्याचा हक्क हा जमिनीला चिकटलेला हक्क, म्हणून हे दावे याच धाग्यात बसतात.

अँटिलोप व्हॅलीचे भूजल दावे बघा. लॉस एंजेलिस, कर्न आणि रिव्हरसाइड काउंट्यांत वेगवेगळे दावे पडले होते. ते जेसीसीपी (वेगवेगळ्या काउंट्यांतले दावे एका न्यायाधीशापुढे आणण्याची व्यवस्था) ४४०८ या क्रमांकाखाली एकत्र आणले गेले आणि सान्ता क्लाराचे न्यायाधीश जॅक कोमार यांच्यापुढे चालले. सुरुवात १९९९ साली, अंतिम निकाल डिसेंबर २०१५ मध्ये. निकालानंतरही विषय संपत नाही, कारण कोण किती पाणी उपसतोय ते मोजायला वॉटरमास्टर नेमला जातो आणि त्याच्यावर कोर्टाची नजर राहते. एफ चौकट अशा दाव्यांसाठी आहे.

आता तर खोऱ्यातल्या सगळ्या हक्कांचा एकत्र निवाडा मागणारा दावा कायद्यानेच कॉम्प्लेक्स गृहीत धरला जातो (सिव्हिल प्रोसीजर कोड कलम ८३८). न्यायाधीशही त्या खोऱ्यावरच्या काउंटीतला नसतो, ज्युडिशियल कौन्सिलच्या (राज्यातल्या कोर्टांचे नियम ठरवणाऱ्या मंडळाच्या) अध्यक्षांनी नेमलेला बाहेरचा असतो. तिथे कारण न देता न्यायाधीश बदलून मागण्याची सोय लागू नाही. सेंट्रल व्हॅलीत बदाम-द्राक्षाची जमीन घेतलेल्यांनी हे माहीत करून घ्यावं. समन्स येतं तेव्हा ते एका विहिरीबद्दल नसतं, अख्ख्या खोऱ्याबद्दल असतं.

---

टिपण

‘जेसीसीपी’ आणि ‘कॉम्प्लेक्स’ यांत लोक गल्लत करतात, ती वेळेत सोडवू या. एकाच काउंटीत दोन दावे असतील तर सीएम-०१५ आणि एकत्रीकरण (कलम १०४८) पुरतं. वेगवेगळ्या काउंट्यांत असतील आणि प्रश्न सामाईक असतील तर कलम ४०४ खाली ज्युडिशियल कौन्सिलकडे समन्वयाची याचिका, आणि त्यासाठी ते दावे कॉम्प्लेक्स असावे लागतात. २०१७ चा थॉमस आणि २०१८ चा वूल्सी वणवा, या दोन्हींतल्या घर जळालेल्या लोकांचे वीज कंपनीवरचे दावे असेच एकत्र आले, आणि त्यांत भूसंपादनासारखी भरपाई मागण्याचा इन्व्हर्स कंडेम्नेशनचा मुद्दाही होता. आपला दावा एकट्याचा आहे असं समजून साधी कव्हर शीट भरली, तरी पुढे तो समन्वयात ओढला जाऊ शकतो.

---

पायवाट

भारतातल्या जमिनीचा संबंध असेल तर? ‘दुसऱ्या देशातले दावे’ असं निकषात आहे म्हणून विचारतोय. भाऊ-बहीण इथे, वडिलोपार्जित जमीन पुणे जिल्ह्यात, तिथे वाटणीचा दावा चालू, आणि इथे सॅन होजेतलं एकत्र घेतलेलं घर वाटायचं. ई चौकट लागू होईल का?

---

सातबारा

नुसतं तेवढ्याने नाही. पुणे जिल्ह्यातल्या जमिनीची मालकी ठरवण्याचा अधिकार तिथल्याच कोर्टाला. भारताच्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १६ तेच सांगतं आणि कॅलिफोर्नियाचं कोर्टही परदेशातल्या जमिनीच्या मालकीचा निवाडा करत नाही. सॅन होजेच्या घराची वाटणी हा इथला स्वतंत्र दावा. पक्षकार तेच आणि भांडण तेच, म्हणून दोन्ही कोर्टांना एकमेकांशी मेळ घालावा लागतो असं होत नाही.

ई चौकट केव्हा? दोन्हीकडे एकच हिशेब उकलायचा असेल तेव्हा. उदाहरणार्थ, एकाच भागीदारीच्या पैशातून दोन्हीकडे मालमत्ता घेतल्या, तेच साक्षीदार, तीच बँकखाती, आणि एका कोर्टातली जबानी दुसरीकडे लागणार. तरीही पक्षकार चार आणि वकील दोन असतील तर दर्जा मिळणं कठीणच. वाटणीच्या दाव्यात कायद्याने रेफरी नेमता येतोच, त्यासाठी कॉम्प्लेक्स व्हावं लागत नाही.

---

पायवाट

समजलं. महाराष्ट्रात असा दर्जा मागता येतो का?

---

टिपण

असा मागता येत नाही. जवळचं म्हणजे कमर्शियल कोर्ट्स अ‍ॅक्ट, २०१५. पण तिथे न्यायाधीशाच्या विवेकाचा प्रश्न नाही, कायद्यातला प्रकार आणि रक्कम जुळली पाहिजे. स्थावर मालमत्ता फक्त व्यापार-धंद्यासाठी वापरात असेल तर तिच्याबद्दलचा करार कमर्शियल वादात येतो, आणि ‘वापरात’ म्हणजे प्रत्यक्ष वापरात, पुढे कधीतरी वापरायची जागा नव्हे, असं अंबालाल साराभाई विरुद्ध के. एस. इन्फ्रास्पेस या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. किमान मूल्य २०१८ च्या दुरुस्तीनंतर ३ लाख रुपये. राहत्या फ्लॅटची गळती त्यात बसत नाही.

एक साम्य मात्र आहे. मुंबईत मालमत्तेवर दावा असेल तर लिस पेंडन्सची (मालमत्तेवर दावा चालू असल्याची) नोटीस नोंदवावी लागते, कारण संपत्ती हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ ला जुनी मुंबई दुरुस्ती आहे. इथेही तसंच. मालकी हक्काचा दावा लावल्याबरोबर काउंटी रेकॉर्डरकडे नोटीस नोंदवायची. कॉम्प्लेक्स दर्जाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. ‘दर्जा ठरू दे, मग नोंदवू’ म्हणून थांबलात आणि मधल्या काळात घर प्रामाणिक खरेदीदाराला विकलं गेलं, तर ते परत मिळवणं फार जड जातं.

---

गवंडी

दावा लावण्याआधीचं राहिलं. १ जानेवारी २००३ पासून विकलेल्या नव्या घरांना राइट टू रिपेअर कायदा (दाव्याआधी बिल्डरला दुरुस्तीची संधी देणारा) लागू आहे (सिव्हिल कोड ८९५ पासून). मॅकमिलिन अल्बानी या २०१८ च्या निकालानंतर बांधकामदोषातून झालेल्या मालमत्तेच्या नुकसानीसाठीही तोच रस्ता. बिल्डरला लेखी नोटीस, १४ दिवसांत पोच, त्यानंतर १४ दिवसांत तपासणी, मग ३० दिवसांत दुरुस्तीचा प्रस्ताव, आणि घरमालकाला उत्तराला ३० दिवस.

ही पायरी गाळून थेट कॉम्प्लेक्स म्हणून दावा टाकला की बिल्डर स्थगिती मागतो आणि ती मिळते. फी भरलेली, समन्स गेलेली, सतरा वकील मीटर लावून बसलेले, आणि दावा जागच्या जागी. बांधकाम संपल्यापासून १० वर्षांची बाहेरची मर्यादा अगदी उंबरठ्यावर असेल तर परिस्थिती वेगळी. एरवी आधी नोटीस.

---

उंबरठा

दर्जा मिळाला की व्यवहारात पहिल्या सहा महिन्यांत काय वेगळं दिसतं?

---

नकाशा_कारकून

एक, न्यायाधीश. लॉस एंजेलिसमध्ये स्प्रिंग स्ट्रीट कोर्टहाउस, ऑरेंज काउंटीत सान्ता अ‍ॅनाचं सिव्हिल कॉम्प्लेक्स सेंटर. सन २००० मध्ये सहा काउंट्यांत हे विभाग प्रयोग म्हणून सुरू झाले: अलमेडा, कॉन्ट्रा कोस्टा, लॉस एंजेलिस, ऑरेंज, सॅन फ्रान्सिस्को, सान्ता क्लारा. शेवटपर्यंत एकच न्यायाधीश, हा सर्वांत मोठा फायदा. लहान काउंटीत असा स्वतंत्र विभाग नसतो. तिथे दर्जा मिळाला तरी दावा त्याच न्यायाधीशांपुढे राहू शकतो, आणि हजार डॉलरच्या बदल्यात फारसं काही हाती येत नाही.

न्यायाधीश नको असतील तर कलम १७०.६ खाली कारण न देता एकदा बदलून मागता येतात. सर्व कामांसाठी नेमणूक झाल्याची नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस, अजून हजर न झालेल्याला हजर झाल्यापासून १५ दिवस. पण एका बाजूला एकच संधी. साध्या विभागातल्या न्यायाधीशावर ती वापरली आणि मग दावा कॉम्प्लेक्सकडे गेला, तर तिथे हात रिकामा.

दोन, जबान्या. साध्या दाव्यात एका साक्षीदाराची तोंडी जबानी, म्हणजे डिपॉझिशन, सात तासांत संपवावी लागते (कलम २०२५.२९०). कॉम्प्लेक्स दाव्यात ती मर्यादा नाही. साक्षीदार सहा महिने जगेल की नाही अशी वैद्यकीय शंका डॉक्टरांनी लिहून दिली तरच दोन दिवस, एकूण चौदा तास. सतरा वकिलांनी प्रश्न विचारायचे म्हणजे सात तास पुरत नाहीत हे खरं. पण असोसिएशनच्या अध्यक्षबाई चार दिवस खुर्चीत बसल्या तर त्यांना आधी कल्पना हवी. आदेशात तासांची वाटणी मागून घ्या: बिल्डरला इतके, सब-कॉन्ट्रॅक्टरांना मिळून इतके, झालेला प्रश्न पुन्हा नाही.

तीन, मध्यस्थी. कोर्ट सुचवेल, आग्रह धरेल. पण खाजगी मध्यस्थाकडे जायला आणि त्याची फी भरायला भाग पाडू शकत नाही, असं जेल्ड-वेन या २००७ च्या निकालात अपील कोर्टाने ठरवलं. तोही बांधकामदोषाचाच कॉम्प्लेक्स दावा होता.

---

टिपण

आणि चौथी गोष्ट, जिच्यामुळे चांगले दावे बुडाले आहेत: पाच वर्षांचं घड्याळ.

कलम ५८३.३१०. दावा दाखल झाल्यापासून पाच वर्षांत प्रत्यक्ष ट्रायल सुरू झाली पाहिजे, नाहीतर फेटाळणं सक्तीचं. कॉम्प्लेक्स दर्जाने यात एक दिवसही वाढत नाही. अनेक कॉम्प्लेक्स विभाग सुरुवातीलाच आदेश काढतात की पहिल्या कॉन्फरन्सपर्यंत डिस्कव्हरी थांबवा. लोकांना वाटतं, सगळं थांबलं म्हणजे घड्याळही थांबलं. ब्रन्स विरुद्ध ई-कॉमर्स एक्स्चेंज (२०११) मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की दाव्याचं सगळं कामकाज थांबवणारी स्थगिती असेल तरच तो काळ आपोआप वजा होतो. नुसती डिस्कव्हरी थांबवणारी स्थगिती पुरत नाही.

गेन्स विरुद्ध फिडेलिटी नॅशनल टायटल (२०१६) तर घराच्याच व्यवहारातला दावा. मध्यस्थीसाठी १२० दिवसांची स्थगिती दोन्ही बाजूंनी मिळून घेतली होती, पण आदेशात आधीच्या डिस्कव्हरीची उत्तरं द्यायची राहिली होती, म्हणजे स्थगिती पूर्ण नव्हती. ते १२० दिवस मोजले गेले आणि दावा गेला.

उपाय स्वस्त आहे. प्रत्येक स्थगितीच्या वेळी सगळ्या पक्षकारांच्या सहीचा लेखी करार करायचा की पाच वर्षांची मुदत अमुक तारखेपर्यंत वाढवली. कलम ५८३.३३० ते करू देतं. नवा सब-कॉन्ट्रॅक्टर दाव्यात आला की त्याची सही वेगळी घ्यायची, कारण जुन्या करारावर तो नसतो.

---

उंबरठा

बोर्डाच्या पुढच्या मीटिंगला वकिलांना विचारायचं म्हणून लिहून घेतलं: दुसऱ्या भागात एकच टिक का, बिल्डरला नोटीस कधी गेली, कव्हर शीट समन्सबरोबर जाणार का, जबानीच्या तासांची वाटणी मागणार का, पाच वर्षांची तारीख कोणती. काही राहिलं?

---

गवंडी

सब-कॉन्ट्रॅक्टरांच्या विमा पॉलिसी. बिल्डरकडून प्रत्येकाचं विमा प्रमाणपत्र आधीच मागवा. कॉम्प्लेक्स दाव्यात समेटाची रक्कम बहुतेक वेळा विमा कंपन्यांकडून येते, आणि कुठल्या वर्षीची पॉलिसी लागू यावर दोन कंपन्या भांडत बसल्या की त्यांचा वेगळा दावा उभा राहतो. तो तात्पुरत्या कॉम्प्लेक्सच्या यादीतही आहे. तसा दावा पडलाय हे कळलं की १५ दिवसांत सीएम-०१५ दाखल करायचा, म्हणजे दोन्ही दावे एकाच न्यायाधीशांपुढे जाण्याची शक्यता राहते.

---

नकाशा_कारकून

आणि वकिलांकडून ‘पाच वर्षांची तारीख’ तोंडी घेऊ नका. दाखल केल्याचा शिक्का ज्या तारखेचा, तिथून पाच वर्षं मोजून ती तारीख मिनिट्समध्ये लिहून ठेवा. बोर्ड दर वर्षा-दोन वर्षांनी बदलतं आणि फाइल नव्या सेक्रेटरीकडे जाते.